हुणसेवाडी

हुणसेवाडी दोन आहेत.
एक खानापूरच्या अंगाला, भाताची, जळवांची.
एक हुक्केरीकडे, काळ्या रानातली.
छाटणीच्या खोक्यांत एकतीस वर्षं
मी त्यांना शेजारीशेजारी ठेवलं.

पिनकोडचे पहिले आकडे सारखेच,
शेवटचा पावसानं पुसलेला.
मग अक्षर बघायचं:
डोक्यावर रेघ असली तर इकडं,
गोल गरगरीत असलं तर तिकडं,
इंग्रजी असलं तर देवावर.

तार इंग्रजीतच होती.
वास्कोच्या बंदरातून:
भरमा गेला, निघा.
मी ती हुक्केरीच्या खोक्यात टाकली.

तिथला भरमा
बैलांना पाणी दाखवत होता.
मास्तरांनी तार वाचली, त्यानं ऐकली,
आधी हसला.
मग म्हणे बादली खाली ठेवली
आणि बराच वेळ उचललीच नाही.

दुसऱ्या दिवशी दोन गाड्या बदलून,
पुढं चार मैल चिखलातून चालत
तो या हुणसेवाडीत आला.
मराठी येत नव्हती. चावडीपुढं उभा राहून
इतकंच बोलला,
भरमा होदा.

होदा म्हणजे गेला.
बाजाराला गेला तरी होदा,
गेला तो गेला तरी होदा.
आपल्यातही तसंच की.
तोंडाकडं बघून उमगलं लोकांना.

आईला मात्र उमगायला वेळ लागला.
तिनं विचारलं, तू कोण रे बाबा?
तो म्हणाला, हुणसेवाडी.
तिला वाटलं, ह्याला प्रश्न कळला नाही.
पुन्हा विचारलं, नाव काय तुझं?
तो म्हणाला, हुणसेवाडी.

माती सावडेपर्यंत राहिला.
स्वतःचं नाव
त्या घरात त्यानं एकदाही काढलं नाही.

हुणसे म्हणजे चिंच. वाडी आपली.
पण खानापूरच्या हुणसेवाडीत
चिंचेचं एक झाड नाही,
का नाही, कोणाला सांगता येत नाही.
त्या सालापासून शिमग्याच्या पुढंमागं
एसटीच्या टपावरून एक पोतं येतं,
फोडलेल्या चिंचेचं, वर मीठ मारलेलं.
पाठवणाऱ्याच्या जागी हुणसेवाडी,
घेणाऱ्याच्या जागी हुणसेवाडी.
कंडक्टर नवा असला की भांडतो.

मला मेमो आला होता.
तार चुकीच्या गावी का गेली,
खुलासा करावा.
तीन कागद फाडले.
चौथ्यावर लिहिलं:
तार हुणसेवाडीस पोहोचली.
खाली सही, तारीख.
साहेबांनी भिंगातून बघितलं
आणि फाईल बांधून टाकली.