खाडीपलीकडचा दिवा

डिसेंबर लागला की लोफोटेनमध्ये सूर्य
निरोप न घेताच जातो.
दुपारी दोनला दिवा लावून
मी म्हाताऱ्या सुनिवाच्या स्वयंपाकघरात बसलो होतो,
शास्त्राची तीन भाषांतरं, एक जाड शब्दकोश
आणि पाच रंगांच्या पेन्सिली घेऊन.
तिच्याकडे एकच प्रत.
कडा माशाच्या तेलाने पिवळ्या,
पानांत खूण म्हणून कॉड माशाचा वाळका खवला.

मी सांगत होतो:
या क्रियापदाचं मूळ असं,
अमक्या हस्तलिखितात हा शब्दच गाळलेला,
तमक्या पंडिताचं मत वेगळं.
ती बटाटे सोलत ऐकत होती.
साल एकाच लांब पट्टीत उतरत होती, न तुटता.
मग म्हणाली, "छान. आणि मग काय केलंस?"

"म्हणजे?"

"वाचलंस ना, ओडमुंड. मग केलंस काय?"

त्या आठवड्याची ओळ मी निवडलेली नव्हती.
पानांच्या क्रमाने ती आपसूक समोर आली.
वेदीकडे निघालेला एक माणूस,
हातात अर्पण,
आणि ऐन वेळी त्याला आठवतं
की कुणीतरी आपल्यामुळे दुखावलंय.
या ओळीवर माझी सव्वीस पानांची टिपणं होती.
टोराल्फचं नाव त्यांत एकदाही नव्हतं.

टोराल्फ माझा धाकटा भाऊ.
खाडीपलीकडे राहतो, इतक्या जवळ
की रात्री त्याचा दिवा विझला की कळतं.
मधे बापाचं होडीघर,
त्याला न विचारता मी केलेली एक सही,
आणि अकरा वर्षं.

"तोही काही कमी बोलला नव्हता," मी म्हणालो.
"ते त्याच्या पानावर असेल," सुनिवा म्हणाली,
"तू तुझं वाच."
जरा वेळाने, हात पुसत:
"तरुणपणी मी एका हिवाळ्यात सगळं पुस्तक संपवलं होतं,
धक्क्यावर पोती उतरवावीत तसं.
पुढच्या हिवाळ्यात एकच ओळ घेतली.
ती अजून चालूच आहे."
कुठली ओळ, ते तिने सांगितलं नाही.

फेरीबोट फक्त मंगळवारी.
सोमवारी रात्री मी गुडघे टेकून, खरं सांगतो,
वादळ मागितलं.
सकाळी पाणी ताटासारखं सपाट.

टोराल्फने दार उघडलं. माझ्या पायांकडे पाहिलं.
"जोडे बाहेर काढ."
बोटीत घोकलेली वाक्यं
उंबऱ्यावरच सांडली.
उरलं ते एवढंच:
"सही मी केली. तुला विचारायला हवं होतं."
त्याने माफ केलं असं म्हणता येणार नाही.
नाही केलं असंही नाही.
त्याने कॉफी ओतली.
भिंतीवर बापाचा बर्फातला कोट अजून टांगलेला,
एका बाहीला माझ्या हातचं ठिगळ.
आम्ही दोघंही तिकडे न बघता
बराच वेळ तिकडेच बघत होतो.
बोटीचा भोंगा झाला तेव्हा तो म्हणाला,
"होडीघराचं छप्पर गळतं."
बस्स. एवढंच.

बुधवारी मी पुन्हा सुनिवाच्या टेबलाशी.
पेन्सिली पिशवीतच राहू दिल्या.
काय घडलं ते सांगितलं, पदरचं न घालता,
आणि मला ते जड गेलं,
कारण पदरचं घालायची मला सवय.
ती काही बोलली नाही.
एक चाकू माझ्याकडे सरकवला, चार बटाटे.
माझी साल दर दोन बोटांवर तुटत होती.

"आता पुढची ओळ घ्यायची?" मी विचारलं.

तिने चष्म्यावरून पाहिलं.
"छप्पर गळतं म्हणाला ना तो?"

खिडकीबाहेर, काळ्या पाण्यापलीकडे,
त्याचा दिवा लागला होता.
मी शब्दकोश मिटला
आणि आठवू लागलो,
खिळ्यांचा डबा आपण कुठे ठेवलाय.