पिवळं कार्ड

पर्वरीच्या प्रशिक्षणात तिसऱ्या दिवशी, जेवणानंतर,
ज्युलियाना मॅडमनी एकेक पिवळं कार्ड वाटलं:
‘मुख्याध्यापक म्हणून मी कोण? एका वाक्यात.’
शेजारी डिचोलीच्या सरांनी ‘दीपस्तंभ’ लिहून
पेनाला टोपणसुद्धा लावलं.

मी लिहिलं, शेवंती वेळीप,
आणि थांबले.

शाळेत मी दारापाशी बसायचे.
मास्तर वाईट नव्हते. म्हणायचे, तुझा वाडा लांब,
डोंगर चढायचाय, दारापाशी बस, लवकर सुटशील.
चार वर्षं मी फळा तिरका वाचला.
अजून सही तिरकी येते.

मॅडम म्हणाल्या, सत्ता कुठं असते ते शोधा.
मी शोधत होते खात्यात, पंचायतीत,
पालक-शिक्षक संघाच्या हातवाल्या खुर्चीत.
ती निघाली माझ्याच कपाटातल्या वहीत:
सफाईची पाळी, निळी शाई, अक्षर माझं.
जूनपासून फेब्रुवारीपर्यंत
थावरू लमाणी, सीतव्वा लमाणी, थावरू, थावरू.
देसायांचा मुलगा एकदाच,
दोन ऑक्टोबरला, फोटोपुरता.

कारण होतंच की माझ्याकडे.
ही मुलं लवकर येतात.
आईबाप साडेसहाला सावर्ड्याच्या ट्रकात चढतात,
पोरांनी जायचं कुठं?
लवकर येतात म्हणून किल्ली त्यांच्याकडे,
किल्ली त्यांच्याकडे म्हणून झाडू.
कुणी ठरवलं नव्हतं.
मास्तरांनीही ठरवलं नसेल.

सोमवारी पहिल्या कदंब बसने गेले.
केपें स्टँडवर अजून दिवे होते.
थावरू शाळेच्या पायरीवर,
किल्लीची सुतळी मनगटाला गुंडाळलेली.
म्हटलं, दे तो झाडू.
आजपासून सगळे झाडतील, मीसुद्धा.
त्यानं झाडू दिला. लगेच.
मग मी किल्लीसाठी हात पुढं केला.
त्यानं मूठ मिटली.
‘बाय, ही म्हजीच न्हय?’

त्याच्या पत्र्याच्या खोपीला दार नाही,
दाराऐवजी खताची पोती शिवून लावलीत.
आख्ख्या गावात कुलूप उघडतं त्याच्या हातानं
ते एवढं एकच.
आणि मी ते काढून घ्यायला निघाले होते,
न्याय म्हणून,
बस पकडून, साडी वर खोचून.

कार्ड अजून पर्समध्ये आहे.
मॅडमचा दोनदा फोन येऊन गेला.

त्या दिवशी मी अंगण झाडलं.
किल्ली हातात फिरवत तो पायरीवरून बघत राहिला,
मुकादमासारखा.
शेवटी न राहवून म्हणाला,
‘बाय, कोनशे उरले.’

कोपरे राहिले होते खरे.