नावं आत करून

पाणी ओसरलं तेव्हा दवाखान्याच्या भिंतीवर
माझ्या छातीएवढ्या उंचीला चिखलाची रेघ होती
आणि लोखंडी कपाटाचे खालचे तीन कप्पे
फुगून आतून दार ढकलत होते.
चौतीस वर्षांचे केसपेपर.

गच्चीवर तारा बांधल्या. खणभागात
घराघरातून चिमटे मागून आणले.
जखमेवरची पट्टी सोडवावी तसा
एकेक कागद सोडवून टांगला.
डॉक्टर आरवाडे वर आले, पायात अजून गमबूट.
बघितलं. म्हणाले,
"सिदराम, नावं आत कर."
आणि फिनेल मारायला खाली गेले.

गंमत बघा.
नाव, वय, गल्ली हे वरचं मी लिहायचो, बॉलपेननं.
खालचा आजार डॉक्टर लिहायचे, शाईच्या पेननं.
कृष्णेनं आजार नेले
आणि नावं ठेवली.

नावं ठेवायचं काम तसं आमचं.

पलीकडच्या गच्चीवर शेटेबाई गाद्या झोडपत होत्या.
"सिदराम, कोऱ्यांच्या सुनेचा कागद आहे का हो त्यात?
दिवस राहत नाहीत म्हणे. दोष कुणाचाय?"
"सगळं पुसलंय, बाई."
खरंच पुसलं होतं.
नसतं पुसलं तर काय म्हणालो असतो
ते मला माहीत आहे, म्हणून सांगतो:

सत्त्याण्णव साली गणपती पेठेत, टपरीवर,
मिशीवाल्या एका पाहुण्यानं चहा पाजला.
"मुलगी कशी आहे?"
"गुणाची आहे. गोळ्या तेवढ्या चालू आहेत."
"कसल्या?"
मी बशी फुंकता फुंकता दोन अक्षरं बोललो.
कुठली दोन, ते तुम्हालाही सांगणार नाही.
चहा अडीच रुपयांचा होता.
त्या घरी सुपारी फुटली नाही.

चौथ्या दिवशी ती जिना चढून आली.
केस पिकलेले, हातात मिरजेच्या दवाखान्याची पिशवी.
"जुनं कुठलं औषध सोसलं नव्हतं, ते विचारतायत तिथं.
माझा कागद द्या."
"कागद दवाखान्याचा असतो," जीभ सवयीनं म्हणाली.
"कागद तुमचा असंल," ती म्हणाली.
"त्याच्यावर आहे ती मी आहे."

तिसऱ्या तारेवर सापडला. उलटा केला.
वर माझं अक्षर, तिचं नाव, वय एकोणीस.
खाली नुसता निळा ढग.

तिनं तो बराच वेळ धरून ठेवला.
थेंब गळायचा थांबला तरी.
मग म्हणाली, "तुम्हाला पाठ असेल."
आवाजात टोमणा नव्हता. असेलही.
मी चिमट्यांकडे बघत होतो.

पाठ होतं.
तारखा, डोस, अंगावर पुरळ आणणारी ती पिवळी गोळी,
आणि तिसऱ्या खेपेला ती एकटीच आली होती,
बाकावर भिंतीकडे तोंड करून बसली होती,
हे तर कागदावर कधीच नव्हतं.

गादी झोडपायचा आवाज थांबला होता.
मी तिला जिन्यात घेऊन गेलो,
पायरीवरचा गाळ रुमालानं पुसून दिला,
गुडघ्यावर कोरा कागद घेतला आणि बॉलपेननं
सगळं लिहून काढलं,
ओठ न हलवता.

वाचून ती म्हणाली, "अठरा. एकोणीस नव्हे.
एकोणीस घरच्यांनी सांगितलं होतं."
खोडलं, वर अठरा केलं.
खाली डॉक्टरांनी पडताळून सही केली,
चष्मा नव्हता, पुरात गेलेला,
कागद नाकाला लावून एकेक ओळ.

तिनं घडी घातली, नाव आत करून.
वळणावर थांबली.
"ह्याची आणखी प्रत कुठं आहे का?"

मी काहीच बोललो नाही.
ती ते थोडा वेळ ऐकत राहिली,
मग उतरली.