अकरावं नाव

ग्रिम्सबीच्या पेपरात, आतल्या पानावर,
भरती-ओहोटीच्या तक्त्याखाली बोटभर बातमी:
विल्फ हॉक्सबी गेले. वय एक्याऐंशी.
फोटो भलत्याच कुणाचा छापला होता.
मॅव्हिस, मी आधी हसले,
आणि मग चहा निवेपर्यंत
तशीच बसून राहिले.

रविवारची दुपार आठवते?
बाबांच्या हातांना आंघोळीनंतरही हॅडकचा वास,
टीव्हीची काच तापलेली, आणि आपली पैज:
विल्फ जिला आधी दिसेल, तिला शेवटचं बिस्किट.
हिरो घोड्यावर, हिरॉईन खिडकीत,
आपले डोळे मात्र मागे,
पडद्याशी ट्रे धरून कोण उभं आहे,
रांगेत चौथा कोण खोकतोय.
तू ओरडायचीस, 'तो बघ!'
आणि आई स्वयंपाकघरातून विचारायची,
'आज कोण झालाय?'

आज हमाल झालाय, आई.
आज न्यायाधीशाचा कारकून.
आज त्याला तीन वाक्यं आहेत आणि एक छत्री.

काय केलं त्याने त्या छत्रीचं!
आत आला, मिटली, झटकली नाही.
नवरा बुडाला हे मालकिणीला सांगताना
गालिचा भिजू नये म्हणून
छत्रीच्या टोकाखाली तळहात धरला.
बातमी संपेपर्यंत धरून ठेवला.
कॅमेरा तिच्या रडण्यावर,
आणि कोपऱ्यात, निम्मा कापला गेलेला,
तो हात: थेंब, थेंब,
मग ओंजळ भरल्यावर जरासा थरथरलेला.

आपल्या गोदीवर अशा बातम्या आणणारे
मिस्टर स्क्रिमशॉ होते. आर्थरकाकाच्या वेळी
त्यांनी दारातच बूट काढले होते,
आणि मोज्याला भोक होतं.
विल्फने त्यांना कधी पाहिलं असेल?
नसेलच. तरीही पाहिलं होतं.

लोक म्हणतात, अमका भाव खाऊन गेला.
विल्फने कधी भाव खाल्ला नाही.
पंगतीच्या टोकाला बसावं,
पानात पडेल तेवढंच चवीने जेवावं
आणि पान पुसून उठावं, तसा तो.

एका सिनेमात तर तो सुरुवातीपासून मेलेलाच.
ग्रंथालयाच्या फरशीवर पालथा.
इन्स्पेक्टर वीस मिनिटं त्याच्या डोक्यावरून बोलतोय.
बाबा म्हणाले, 'प्रेत असावं तर असं.
किती मन लावून पडलंय बघा!'
आणि तू शपथेवर सांगायचीस,
इन्स्पेक्टरने नाव चुकीचं घेतलं
तेव्हा प्रेताचा कान दुखावला.

(पेपरातला तो फोटो पाहून
मला पहिल्यांदा तो कानच आठवला.)

शेवटी नावं वर सरकायची, भराभर,
बाबा खुर्ची सोडून काचेला बोट लावायचे.
दहावं नाव, अकरावं:
दुसरा टपालवाला, वि. हॉक्सबी.
'आहे,' म्हणायचे, 'घेतलंय.'
जसं ट्रॉलरच्या यादीत
स्वतःचं नाव बघून यायचे तसे.

काल दुपारी लागला होता एक.
तुझ्याकडे होबार्टला मध्यरात्र उलटली असेल,
म्हणून फोन केला नाही.
एकविसाव्या मिनिटाला आला तो,
लिफ्ट चालवत, 'तिसरा मजला, मॅडम,'
असं म्हणाला, की बाईला वाटावं
तिसरा मजला त्यानेच कालपासून
तिच्यासाठी झाडून ठेवलाय.
मी एकटीच ओरडले, 'तो बघ!'
शेजारच्यांचं कुत्रं भुंकलं.
बिस्किट मीच खाल्लं.

मग वाटलं, तू असतीस तर भांडली असतीस.
मागे नेऊन परत पाहिलं.
चौदाव्या मिनिटाला, हॉटेलच्या आरशात,
गर्दीमागे, टोपी सारखी करत,
आपल्या वाक्याची वाट पाहत
तो उभा होता.

तुला तो तिथेच दिसला असता.
एक बिस्किट देणं लागते मी तुझं.