निरंक

फॉर्म क्रमांक सात, पानं अकरा.
कासामाहून निघताना बजावलं होतं :
रकाना रिकामा ठेवायचा नाही,
काही नसेल तर ‘निरंक’ लिहायचं.

बाना काबासो दारात कसावा सोलत होती.
व्यवसाय? मी विचारलं.
तिनं हातातल्या कंदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
पोरीला दिसत नाही की काय, अशा नजरेनं.

सरपण किती आणता? लागेल तितकं.
विकता कुणाला? घरच्या चुलीला कोण विकतं?
निरंक.
पाणी? चार खेपा, उतारापलीकडून.
निरंक.
जंगलातल्या अळ्या, उन्हात वाळवलेल्या, दोन पोती.
एक खाल्लं. दुसरं नणंदेकडे, तिचा नवरा अंथरुणावर आहे.
निरंक, निरंक.
हाताला त्या शब्दाची सवय झाली,
अक्षराचं वळणही सुधारलं.

“आता मी विचारू?” ती म्हणाली.
“माझा थोरला होता चिंगोलाला, खाणीत.
सांगायचा, एवढा खड्डा आहे
की आपलं गाव आत ठेवलं
तर चर्चचा क्रूससुद्धा वर दिसायचा नाही.
त्या खड्ड्याचा रकाना कुठल्या पानावर?”

मी पानं उलटली.
तांबं होतं, टनांत, उत्पन्नाच्या बाजूला,
सगळ्यात जाड आकडा.
खड्डा नव्हता.

“म्हणजे मी शेळ्या विकल्या की त्या वर्षी श्रीमंत,
आणि गोठा रिकामा झाला
हे लिहायला तुमच्याकडे शाई नाही.
मुद्दल मोडून खायचं
आणि ढेकर आली की तिला कमाई म्हणायचं!
आमच्या चिलिंबात असा हिशोब कुणी मांडला
तर बायका तिला पाळीतून काढतील.”

चिलिंबा म्हणजे दहा जणींची भिशी.
ना वही, ना सही.
पहिली उचल घेणारीसुद्धा दहाव्या महिन्यापर्यंत येते.
न येऊन जाईल कुठे,
पाणी त्याच ओढ्याचं.
माझ्या फॉर्मात ‘संस्था’ या सदराखाली
बँक, सोसायटी, चर्च
एवढेच चौकोन होते.

लुसाकाला कापासासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं.
माणूस वाईट नाही.
चष्मा पुसत म्हणाले, बुधवारी कर्ज देणारे येतायत,
तक्ता त्यांचा ठरलेला असतो.
खड्डा वजा केला तर आपण शून्याखाली दिसू.
“दिसू, की आहोत?”
त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला
आणि खिडकीबाहेर पाहिलं.

नियम बारा : दौऱ्यात मिळालेली भेट जाहीर करावी.
लिहिलं : वाळवलेल्या अळ्या, एक वाटी.
देणारी : बाना काबासो.
किंमत :

इथे मी अजून थांबलेय.
‘निरंक’ लिहायला हात धजत नाही,
आणि वाटी तर मी त्याच रात्री बसमध्ये,
मपिका यायच्या आत,
मीठ लावून संपवली.