तलब

सोहारच्या कॅम्पात माझा पहिला शुक्रवार.
पोर्टाकॅबिन नंबर नऊ, गळक्या एसीखाली बादली,
बारा माणसं,
आणि कुठल्याशा बंद शाळेतून आणलेली
त्यांच्या मांड्यांना न पुरणारी बाकं.

मार्कर उघडला. ‘अ’ काढला.
‘अ’कडे कुणी बघेना.

दाऊद परकार, बाणकोट खाडीच्या पलीकडचे,
घसा खाकरून विचारते झाले,
“बाई, तुम्हाला इथं किती देतात?”

काही नाही, म्हणाले.

“जेवण?”
जेवण मंडळाकडून.
“ओव्हरटाइम?”
मी हसले. बाकी कुणी हसलं नाही.

गावाकडच्या फोनला बैसा-बैसा मोजणारी माणसं,
वय विचारलं तर करार सांगणारी:
तिसरा चालू आहे, चौथा लागेल.
आणि त्यांच्यासमोर मी,
अठ्ठावन्न वर्षांची, पेन्शनवाली,
वैरागच्या शाळेतून निवृत्त.
‘एक वर्ष समाजासाठी’
हे वाक्य सत्काराच्या शालीत किती शोभलं होतं.
इथे तोंडातून निघालं
आणि त्याचं काय करावं कुणालाच कळेना.

मागच्या बाकावरून तिलविक्रम, पोखऱ्याकडचा,
शेजाऱ्याच्या कानाशी लागला.
“तो म्हणतो, बाईंची तलब अडकलीय.”

तलब.
माझ्या भाषेत ती तंबाखूची,
फार तर दुपारी चारच्या चहाची.
त्याच्या भाषेत पगार.
शब्द तोच, मधल्या रस्त्यात कुठेतरी
एकाच्या वाट्याला भूक गेली, दुसऱ्याच्या वाट्याला भाकरी.

मग कुजबुज झाली,
आजाऱ्याच्या उशाशी होते तशी, जाणत्या आवाजातली.
एजंट कुठला? कागदावर सही कुणाची?
पासपोर्ट कुणाकडे?
माझ्याच पर्समध्ये, म्हणाले.
खोलीभर हायसं वाटलं.

“मग अजून मार्ग आहे,” परकार म्हणाले.
“अर्ज करू. तुम्ही शिकवा, आम्ही लिहितो.
बारा सह्या पडल्या की कागदाला वजन येतं.”

हा अर्ज इथं वाचणार कोण,
देवनागरी कुठल्या खिडकीत चालते,
हे मी विचारलं नाही.
बत्तीस वर्षं बदक, गवत, कमळ करत आले,
एवढ्या आतुर पेन्सिली कधी पाहिल्या नव्हत्या.

‘अ’ पुसला.
लिहिलं: बाईंचा पगार मिळाला नाही.
फळ्यावर जाणूनबुजून लिहिलेलं
माझं पहिलं खोटं वाक्य,
टपोरं, वळणदार.

अनुस्वारावर कोळेकर अडले.
टिंब नेमकं कुणाच्या डोक्यावर?
तिलविक्रम ‘ळ’पाशी थांबला.
हे आमच्यात नाही, म्हणाला, मी काय करू?
मग परातीवर दोर आवळतात
तशी एक गाठ त्याने कागदावर मारली,
खोडली, पुन्हा मारली.
दुसरी सुटली नाही.

सहा वाजता कागद गोळा केले.
कुणाचा पगार ‘पागर’, कुणाच्या बाई ‘बाइ’,
खाली सह्या, काही अंगठ्याच्याच,
पण शेजारी नावाचं पहिलं अक्षर.

एका कागदावर सही नव्हती.
नरसू गंगावणे, कंधारचा,
दोन तासांत शब्द न बोललेला.
त्याने ‘बाईंचा’ लिहिलंच नव्हतं.
तेवढी जागा कोरी सोडून पुढे:
पगार मिळाला नाही.

चूक दाखवायला लाल पेन काढलं होतं.
टोपण परत लावलं.
तो दाराशी चपला शोधत होता,
खरं तर त्याच्या समोरच होत्या.

बादली काठोकाठ भरलेली.
दोघांनी धरून ती बाहेर ओतली,
वाळूने आवाजही केला नाही.

“पुढच्या शुक्रवारी काय, बाई?”

गाणं ठरलं होतं, वहीत तसं लिहूनही आणलं होतं.
आकडे, मी म्हणाले.
महिन्यांची नावं.
आणि कागदावर तारीख कशी घालायची, ते.