एकशे साठ व्होल्टवर शहाण्णव साल

सगळ्यात वर मी अजूनही निळीच ठेवते.
नाव नाही सांगता येत. डेपोतला लालरेमा
सुट्टीवरून पाच कॅसेटी घेऊन आला तेव्हा
त्याच्या गावच्या ओलीनं शाई पुसून गेली होती,
उरला होता कोपऱ्यात आकडा, १९९६,
आणि प्लास्टिकचा रंग.

तो पंखा घेऊन आला होता जळलेला.
नाचणगाव, झाडे मोटर वायंडिंग, बसस्टँडच्या मागं.
मी बाबांच्या हाताखाली तार मोजायची,
सातशे वीस वेढे, चुकलं की पुन्हा एकपासून.
"गिनते गिनते ये सुनो," म्हणाला,
आणि आमच्या टेपमध्ये निळी सरकवली.
गिटार असं वाजलं
जसं वॉर्निश न वाळलेलं कॉइल कोणी लायनीला जोडावं.
बाबा आतून धावत आले,
"काय जळून राह्यलं वं?"

हिरवीत एक बाई गायची.
गायची म्हणजे भांडायची, आणि मधेच
दार लोटून घेतल्यासारखी गप्प.
माझं इंग्रजी आठवीपर्यंतचं, तरी तिचं भांडण
कोणाशी आहे ते पहिल्याच दिवशी कळलं.
पांढरीची दुसरी बाजू टेपनं खाल्ली.
बोटभर फीत कापली, नेलपॉलिशनं जोडली.
तेव्हापासून चौथ्या गाण्यातला माणूस
श्वास घेतो आणि थेट पाचव्यात सोडतो.

लाल मला आवडत नव्हती. ती त्याला आवडायची.

पण खरी गोष्ट विजेची.
रात्री दहाला ओलिताची लाइन यायची,
हरभऱ्यावर एकेक पंप सुरू व्हायचा
आणि बोर्डावरचा काटा उतरत उतरत
एकशे साठवर येऊन बसायचा.
बल्ब पिवळा. टेप जड.
ड्रमवाला दमायचा, पायाला ढेकळं चिकटल्यागत.
निळीतल्या पोराचा आवाज फुटून बाप्या व्हायचा,
आणि हिरवीतली बाई, दिवसा भांडणारी,
रात्री समजावून सांगायची.
मला वाटायचं, बँड असेच असतात,
दिवसपाळीचे, रातपाळीचे.

काळी तर मी फक्त रात्रीच ऐकली.
तिच्यातलं शेवटचं गाणं संपता संपायचं नाही.
वानखेड्यांच्या पंपाचा फ्यूज उडाला
की तेवढं एक कडवं तरतरीत व्हायचं,
मग फ्यूज बांधला जायचा,
पुन्हा सगळे चिखलातून चालायला लागायचे.

बिलबुकाच्या मागं मी यादी केली होती.
निळी. काळी. हिरवी. पांढरी, अर्धी.
डिसेंबरात त्याची बदली झाली.
चार कॅसेटी दुकानातच ठेवून गेला,
लाल तेवढी नेली.
त्यानंतर कधीतरी मी पांढरीच्या खाली
बारीक अक्षरात लाल लिहिलं.
कोणत्या नंबरावर, ते लिहिलं नाही.

यंदा दिवाळीला भावाची प्राची आली.
तार गुंडाळताना मी काहीतरी गुणगुणत होते,
तिनं ते फोनला ऐकवलं, फोननं निळी ओळखली.
बँडचं नाव सांगितलं, गाव सांगितलं.
बरं, म्हटलं.
मग तिनं लावली
आणि ते सगळे पळायलाच लागले,
गाडी चुकत असल्यासारखे, आवाजही पोराटकी.
"हे एवढ्या घाईनं कुठं निघाले वं?"
"आत्या, ओरिजनलच आहे हे."
"असंल."
तिनं फोनवर स्पीड कमी करून दिला.
नाही. फोन गाणं हळू करतो,
दमवत नाही.

आता शिवारात पंप सोलरचे,
घरोघर स्टॅबिलायझर,
एकशे साठ व्होल्ट मागितले तरी भेटत नाहीत.

दुकानात मात्र डिमरस्टॅट आहे, मोटरी तपासायचा.
जुना टेप पोत्यातून काढला,
पट्टा नवा टाकला, निळी आत.
डायल दोनशे तीसवरून मागं आणते आहे.
दोनशे. एकशे ऐंशी.
"काय करून राह्यली आत्या?"
थांब जराशी.
अजून वानखेड्यांचा पंप सुरू व्हायचा आहे.